माणूस नसलेलं पुणे: सगळ्यात आधी काय परत येईल?

ओसरी (धागाकर्ती)

नारायण पेठेतला आमचा वाडा १४ वर्षं कुलूपबंद होता. चुलत भावंडांमधला वाद कोर्टात होता, तो यंदा मिटला. मागच्या रविवारी आम्ही सहा जण किल्ल्यांचा जुडगा घेऊन गेलो. कुलूप निघालं, पण दिंडी दरवाजा उघडेना. शेवटी भावाला शेजारच्या गच्चीवरून आत उतरवलं. तो आतून ओरडला, "दाराला झाड आडवं आलंय!"

उंबर होता. चौकातल्या हौदाच्या काठावर उगवलेला, माडीच्या कठड्यापर्यंत वाढलेला. त्याचं एक मूळ फरशा उचकटत थेट दिंडीच्या उंबऱ्याखाली शिरलं होतं. माजघराचं छप्पर अर्धं खाली आलंय. कौलं फुटली, पाणी मुरलं, वासे कुजले, उरलेलं वाळवीनं संपवलं. आजीच्या देवघराच्या कोनाड्यात हातभर पिंपळ. चुलीच्या जागी मांजरीची पिल्लं. हौदात हिरवं पाणी आणि त्यात बेडूक. लक्ष्मी रस्त्यापासून पाच मिनिटांवर बेडूक!

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी चौकात उभी राहून वर बघत राहिले. उंबराला फळं धरली होती आणि तांबट पक्षी बोलत होता. हे सगळं चारी बाजूंनी माणसं असताना, फक्त १४ वर्षांत झालं. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. उद्या पृथ्वीवरची सगळी माणसं एकाएकी नाहीशी झाली, तर पुण्याचं काय होईल? पहिल्या दिवशी काय बंद पडेल, पहिल्या पावसाळ्यात काय उगवेल, शंभर वर्षांनी इथे काय असेल? पाण्यातले, झाडांतले, बांधकामातले जाणकार इथे बरेच आहेत. सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

पाटकरी

पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, म्हणून पाण्यापासून सुरुवात करतो.

आधी वीज जाईल. कोळशावरच्या केंद्रांना कोळसा टाकणारा लागतो, आणि मागणी-पुरवठ्याचा मेळ घालणारा माणूस लागतो. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत सगळं जाळं बसेल. ते बसलं की पाण्याचे पंप थांबले.

पण खरी गोष्ट धरणांची आहे. माणूस कुठल्या महिन्यात जातो यावर फार काही अवलंबून राहील. फेब्रुवारीत गेला तर पहिला उन्हाळा शांत जाईल. जुलैत गेला तर धरणं भरत आलेली असतात, आणि कुठला दरवाजा किती फूट उचलायचा हे तासातासाला ठरत असतं. खडकवासला दगडी धरण आहे, १८७९ मध्ये पूर्ण झालेलं. दगडी धरणावरून थोडं पाणी गेलं तरी ते उभं राहू शकतं. पानशेत मातीचं. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं की ते धरण गेलंच म्हणून समजा. १२ जुलै १९६१ला तेच झालं. बांध खचत होता, जवान रात्रभर पोती रचत होते, सकाळी पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यानं दुपारी खडकवासलाही फोडलं. माझे वडील तेव्हा शनिवार पेठेत राहायचे. पाण्याची खूण त्यांनी भिंतीवरून कधी पुसू दिली नाही.

आणखी एक सांगतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. मातीच्या बांधावर आम्ही एक बाभूळ उभी राहू देत नव्हतो. लोक म्हणायचे, साहेब, झाडाची मुळं माती धरतात की! धरतात, झाड जिवंत आहे तोवर. झाड मेलं की मुळं कुजतात, त्या जागी पोकळ नळी राहते आणि पाणी नेमकी तीच वाट धरतं. घुशी, उंदीर, खेकडे यांची बिळंही तशीच. सप्टेंबर २०१८मध्ये दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली तेव्हा या बिळांची केवढी चर्चा झाली होती, आठवत असेल. माणूस गेल्यावर बांधावरची बाभूळ काढणारा कोणी नाही. म्हणजे मातीची धरणं एखाद्या पुरात जातील तशीच कदाचित ३०-४० वर्षांत आतून पोखरूनही जातील. आणि त्या दिवशी मुठेला तिचा जुना काठ परत मिळेल. नदीपात्रातला रस्ता, भिडे पूल, काठावरच्या इमारतींचे तळमजले, सगळं तिचंच आहे. आपण ते उसनं घेतलं होतं.

टेकडीवाली

पाटकरी काका, फार मोलाचं लिहिलंत. आता झाडांचं मी लिहिते. २० वर्षं वेताळ टेकडीवर रोज सकाळी जाते आणि वनस्पतींच्या नोंदी ठेवते.

पहिल्या पावसाळ्यात "जंगल" येणार नाही. येईल ते गाजरगवत. देशातली त्याची पहिली नोंद आपल्याच पुण्यातली, १९५०च्या दशकातली. टाकळा, आघाडा, एकदांडी आणि अलीकडे टेकड्यांवर पिवळी-केशरी चादर घालणारं कॉसमॉस हे सगळे रस्त्यांच्या कडेनं, दुभाजकांत, डांबराच्या भेगांत घुसतील. डांबराला ऊन-पावसाचं वावडं. भेग पडली, त्यात माती साचली, मातीत बी पडलं की दोन-तीन पावसाळ्यांत मोठे रस्तेही हिरवे दिसतील.

त्यानंतर सुबाभूळ. तिच्या शेंगा बघा, एका झाडाखाली शेकडो रोपं असतात. ती मूळची मेक्सिकोची. गिरिपुष्पही तिकडचंच, मध्य अमेरिकेतलं. १९८०च्या दशकात सामाजिक वनीकरणात टेकड्यांवर ते मुबलक लावलं गेलं. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला. तेव्हा धागाकर्तीचा प्रश्न मी थोडा बदलते. पुण्यात निसर्ग "परत" येईल म्हणजे कुठला? जो होता तो, की जो आपण इथे आणून ठेवला तो?

मला वाटतं पहिली ५० वर्षं आणून ठेवलेल्याचीच असतील. पण टेकडीच्या खडकाळ, पाणी न ठरणाऱ्या उतारांवर सालई, मोई, गणेर, पांगारा अजून टिकून आहेत. मुरमात मुळं घालून मार्च-एप्रिलमध्ये पान नसताना फुलायचं त्यांना येतं. माणूस गेला की सरपणासाठीची तोड थांबेल, आणि मुख्य म्हणजे वणवे कमी होतील. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसानंच लावलेले किंवा त्याच्या हातून लागलेले. वळवाच्या विजेनं लागणारा एखादाच. वणवे थांबले तर सालईची पोरं जगतील. मी गेली कित्येक वर्षं दर उन्हाळ्यात ती पोरं जळताना बघतेय, म्हणून हा धागा वाचल्यावर पहिल्यांदा तीच आठवली.

सळई

बांधकाम अभियंता आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. टेकडीवाली, डांबराचं बरोबर. काँक्रीटचं मी सांगतो.

लोकांना वाटतं काँक्रीट म्हणजे दगड. पण आतली सळई म्हणजे लोखंड, आणि लोखंडाला गंजायचंच असतं. सिमेंटचा अल्कधर्मी थर तिला सांभाळतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत गेला की तो थर हळूहळू निष्प्रभ होतो. मग सळई गंजते, गंजताना फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडून काढते. १९७०-८० मधल्या सोसायट्यांच्या बाल्कन्यांखाली ढलपे निघालेले तुम्ही पाहिले असतील, ते हेच.

सुरुवात कुठून होईल सांगू? गच्चीवरच्या पाण्याच्या तोंडापासून. दर मे महिन्यात कोणीतरी वर जाऊन तिथला पाचोळा काढतो म्हणून इमारत कोरडी राहते. तो काढणारा नसला की पहिल्याच पावसात गच्चीचं तळं होतं. ते पाणी स्लॅबमध्ये मुरतं, आणि बुलबुलांच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं बी त्याच ओलीत रुजतं. माझा अंदाज, बहुतेक इमारती ५० ते १५० वर्षांत मोडकळीला येतील, आणि वरून नव्हे, सांध्यांपासून. काचेच्या भिंतींचे हिंजवडीतले मनोरे आधी आतून हरितगृहासारखे तापतील, मग रबरी सांधे गेले की काचा निखळतील.

मेट्रोचं जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. झिरपणारं पाणी उपसणारे पंप थांबले की ते बघता बघता विहीर होईल. पुण्यातली सगळ्यात खोल विहीर.

निर्मनुष्य

वाचून बरं वाटलं. चेर्नोबिलला १९८६ नंतर माणसं हटवली. आज त्या वर्जित पट्ट्यात लांडगे आहेत, १९९८ पासून सोडलेले प्रझेवाल्स्की जातीचे रानघोडे आहेत. कोरियाच्या दोन तुकड्यांमधला २५० किलोमीटर लांबीचा पट्टा १९५३ पासून रिकामा आहे, तिथे दुर्मिळ क्रौंच हिवाळा काढतात. किरणोत्सर्ग आणि भूसुरुंग परवडले, पण माणूस नको, असंच ते प्राणी सांगतायत. माझं प्रामाणिक मत आहे की पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा त्रास आपण आहोत, आणि आपण गेलो तर कोणाचंही नुकसान नाही.

गोठा

निर्मनुष्य, तुमचा राग समजतो, पण शेवटचं वाक्य पटलं नाही. मी पशुवैद्य आहे, दौंड-शिरूर पट्ट्यात फिरतो.

माणूस सकाळी नाहीसा झाला तर त्याच संध्याकाळी पुणे जिल्ह्यातल्या हजारो संकरित गाई दावणीला बांधलेल्या असतील, कास भरून दुखत असेल. दोन दिवसांत दगडी, म्हणजे कासेचा दाह होईल. दावं तोडता आलं नाही तर तहानेनं जातील. पोल्ट्रीच्या बंद शेडमध्ये पंखे थांबले की उन्हाळ्यात काही तासांत कोंबड्या मरतात, हे मी वीज गेलेली असताना डोळ्यांनी पाहिलंय. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यांची दारं आतून उघडत नाहीत. या जनावरांचं नुकसान आहे. त्यांना आपण असं घडवलं की आपल्याशिवाय जगताच येऊ नये. त्यांचा जीव आपल्या हातात आहे आणि आपण "गेलेलं बरं" म्हणावं, हे मला जमत नाही.

टिकतील कोण? खिल्लार टिकेल, गावठी म्हैस टिकेल, शेळी तर नक्की टिकेल. भटक्या कुत्र्यांपैकी निम्मी-अधिक उकिरडे संपल्यावर उपाशी मरतील, उरलेली टोळ्या करून शिकार करतील. आणि त्यांच्या मागावर बिबट्या येईल. जुन्नरचा बिबट्या आज उसात राहतो. पण ऊस हे कालव्याच्या पाण्याचं पीक आहे. पाटकरी काकांचे कालवे कोरडे झाले की एक-दोन उन्हाळ्यांत ऊस संपला. मग बिबट्या कुठे जाईल? माझ्या मते जिथे लपायला जागा आणि खायला कुत्री आहेत तिथे, म्हणजे पुण्यात.

ओसरी

गोठा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. दावणीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. २०२० च्या डिसेंबरात कोथरूडमध्ये गवा आला होता, आठवतोय? आम्ही टीव्हीवर बघत होतो. भेदरलेला, गल्लीबोळांतून धावणारा, मागे शेकडो माणसं. पकडल्यावर तो गेला. त्या गल्लीतून एखादा गवा सावकाश चालत जाईल, कोणी मागे लागणार नाही, हे चित्र मला मनापासून हवंसं वाटतं. पण त्यासाठी आपण सगळे मरायला हवं का, हाही प्रश्न आहेच.

मेंढवाडा

नमस्कार. पुरंदरच्या बाजूचा आहे. ताई, तुमचा वाडा वेगळा. आमच्याकडं वाडा म्हणजे मेंढरांचा तळ, आज इथं तर उद्या तिथं.

सगळे झाडांचंच बोलताय म्हणून लिहितो. पुण्याच्या पूर्वेला सासवड, जेजुरी, सुपे, दौंड इकडं झाड ही काही खरी संपत्ती न्हाई, गवत आहे. घाटमाथ्यावर पाऊस बदाबदा पडतो, पुण्यात येईस्तवर ७०० मिलिमीटरच्या आसपास राहतो, आणि आमच्याकडं त्याहून कमी. या पावसात रान होत न्हाई, माळ होतो. मारवेल, पवन्या, कुसळी. त्या माळावर चिंकारा, खोकड, लांडगा, तरस, धाविक पक्षी. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठीच आहे. सरकारी कागदात मात्र माळाला "पडीक" लिहितात.

माणूस गेला तर आमचा माळ राहील का? मला शंका आहे. मेंढरं चरत फिरतात म्हणून बोरी-बाभळी वर येत न्हाईत आणि गवताला दरवर्षी नवा फुटवा येतो. कळप थांबले तर दहा-वीस वर्षांत काटेरी झुडूप माजंल, त्यात तुमची ती सुबाभूळ. चिंकाऱ्याला लांबवर दिसलं पाहिजे, झुडपात तो जगत न्हाई. मोकळ्या सुटलेल्या शेळ्या-मेंढ्या आणि वाढलेले चिंकारे मिळून माळ राखतील तर राखतील.

लांडगा आमची मेंढरं नेतो. माझा आजा म्हणायचा, त्याचा वाटा त्याला जातो. आम्ही नसलो तर त्याला पहिलं वरीस सुगी, पुढं त्याचं त्याला.

टेकडीवाली

मेंढवाडा दादा, हा या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. आम्ही शहरातले लोक निसर्ग म्हटलं की झाडंच मोजतो. मीही तेच केलं.

यालाच जोडून देवराईबद्दल. मुळशी, वेल्हे, भोर, मावळातल्या देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात केला. घाटात मूळचं जंगल कसं होतं याचा सगळ्यात चांगला पुरावा कुठे सापडला, तर माणसानं देवाच्या नावानं राखलेल्या एकरभर, दोन एकर तुकड्यांत. माणूस गेल्यावर आसपासच्या उजाड डोंगरांवर बी तिथूनच जाईल. धनेश, वटवाघळं, उदमांजर ते वाहून नेतील. निर्मनुष्य, एवढ्यासाठी तरी "फक्त त्रास" म्हणू नका.

निर्मनुष्य

मान्य. "कोणाचंही नुकसान नाही" हे वाक्य मागे घेतो. दावणीची गाय डोळ्यांसमोरून जात नाही.

पाणकावळा

नदीवर पक्षी बघतो, म्हणून नदीबद्दल दोन शब्द.

मुळा-मुठेत आज प्राणवायू कमी आणि मैला जास्त. जलपर्णी त्या मैल्यावरच पोसते. माणूस गेला की मैला थांबला. शुद्धीकरण केंद्रंही बंद पडतील, पण शुद्ध करायलाच काही उरणार नाही. दोन-तीन पुरांत तळाचा गाळ धुऊन जाईल आणि जलपर्णी उपासमारीनं मागे हटेल. संपूर्ण जाईल असं नाही, डबक्यांत राहील. शहरातल्या सगळ्या बदलांमध्ये नदी सगळ्यात आधी बरी होईल असं मला वाटतं. काही वर्षांत संगमावर तळ दिसेल.

पण याची दुसरी बाजू आहे. आपला मैला वाहत जाऊन उजनी धरणात पोचतो. भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) ज्या दलदलीत चरतात ती उजनीची फूग, म्हणजे धरणामागे तुंबलेलं पाणी आहे, माणसानं केलेली. उजनी गेली तर रोहितांना दुसरीकडे जावं लागेल. बुडालेलं पळसदेवचं देऊळ मात्र कायमचं वर येईल.

पारवे घटतील, दाणे टाकणारे गेले. घारी आणि कावळे कचरा डेपोवर वाढलेत, तेही घटतील. चिमण्यांचं सांगणं अवघड, त्या माणसाच्या घराला चिकटून राहणाऱ्या.

पाटकरी

नदीचं निघालंय तर मुळशीचं राहिलं होतं. मुळेचं पाणी १०० वर्षांपासून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराकडे, म्हणजे उलट्या दिशेनं पश्चिमेला वळवलंय. सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध, १९२१ ते १९२४. वीजघर थांबलं की ते पाणी सांडव्यावरून पुन्हा पूर्वेला येईल. मुळा, मग भीमा, मग कृष्णा आणि बंगालचा उपसागर. ज्या ५०-५२ गावांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांच्या नातवंडांना ते बघायला मिळायला हवं होतं.

लेणीवेडा

शेवटी काय उरेल? दगडात कोरलेलं. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आठव्या शतकातलं, अखंड बेसॉल्टमध्ये. भोवतीचं सगळं शहर ढासळून मातीचा ढीग झालं तरी ते असेल, फार तर गाळानं भरेल. कात्रजहून शनिवारवाड्याला येणारा नानासाहेब पेशव्यांचा नळ पूर्णपणे उतारावर चालतो, त्याला पंप लागत नाही. जिथे तो फुटलेला नाही तिथे पाणी झिरपत राहील. ओसरी, तुमच्या चौकातला हौद बहुधा त्याच नळाचा.

आणि अजिंठा. कित्येक शतकं झाडीत हरवला होता, वटवाघळांच्या ताब्यात होता. १८१९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याला दिसला. त्यानंतर चित्रं नीट दिसावीत म्हणून त्यांवर वॉर्निश चढवलं गेलं, आणि त्या वॉर्निशनं फार नुकसान केलं. आधीची शतकं ती चित्रं अंधारात बरी होती. मी पद्मपाणीच्या चित्रासमोर उभा राहतो तेव्हा दर वेळी हे आठवतं.

खोडद

नारायणगावजवळ राहतो. आमच्या शिवारात रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत. एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, तारेच्या जाळीच्या. मोबाइल, वाहनं, वीजवाहिन्या यांचा रेडिओ गोंगाट ही त्यांची कायमची अडचण. माणूस गेला की तो गोंगाट काही दिवसांत थांबेल. आकाश इतकं स्वच्छ ऐकू येईल असा दिवस त्या दुर्बिणीनं कधी पाहिलेला नाही. आणि वीज नसल्यामुळे ती ऐकणार नाही. लहानपणापासून त्या तबकड्या बघत मोठा झालो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

ओसरी

सगळ्यांचे आभार. हौद कात्रजच्या नळाचाच आहे, आत्याला विचारलं. तिच्या लहानपणी त्यात पाणी यायचं.

वाडा पाडायचाय, ते ठरलेलं आहे, घरातल्या आठ जणांच्या सह्या झाल्या. उंबर तोडायला १९७५च्या कायद्यानं महापालिकेची परवानगी लागेल. तो अर्ज माझ्या नावानं करायचा आहे आणि माझा हात पुढे होत नाहीये. टेकडीवाली, हा उंबर हलवता येईल का?

टेकडीवाली

मूळ उंबऱ्याखाली आणि हौदाच्या दगडांत गेलंय म्हणता, तर अख्खं झाड सुटून येईल असं खोटं सांगत नाही. पण उंबराच्या फांद्या जगतात. मनगटाएवढ्या जाडीच्या, दोन-अडीच हात लांबीच्या फांद्या काढा, पहिले दोन-तीन पाऊस पडून जाऊ देत. टोकाला शेण-माती लावून ओल्या पोत्यात गुंडाळा. टेकडीच्या पायथ्याला ओढ्याकाठी दोन जागा माझ्या डोळ्यांसमोर आहेत, तिथे उन्हाळ्यातही ओल असते. आणि बेडकांसाठी झाकणाची बादली आणा.

मेंढवाडा

ताई, एक फांदी आमच्या विहिरीवर द्या. न्यायला मी येतो.

ओसरी

पहिल्या पावसानंतरच्या रविवारी सकाळी सातला, दिंडीपाशी. दार अजून अर्धंच उघडतं, आडवं होऊन आत यावं लागेल.